स्थावरकाची पाठ

मृच्छकटिक नाटकाचं नाव काढलं की लोकांना चारुदत्त आठवतो, वसंतसेना आठवते, पोराची ती मातीची गाडी आठवते. नाट्यसंगीताच्या शौकिनांना गोविंद बल्लाळ देवलांचं संगीत मृच्छकटिक आठवतं. सिनेमावाल्यांना १९८४ सालचा गिरीश कार्नाडांचा 'उत्सव' आठवतो. स्थावरक कुणालाच आठवत नाही. परीक्षेत प्रश्न येतो तो नायकाच्या औदार्यावर, नायिकेच्या प्रेमावर, नाहीतर खलनायकाच्या विनोदावर. गाडी हाकणाऱ्या गुलामावर पाच मार्कांची टीपसुद्धा नाही.

मला संस्कृत येत नाही. हे नाटक मी मराठीतून वाचलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. संस्कृत म्हणजे त्यांचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण बाबासाहेबांनी त्यांचे ग्रंथ फेकून दिले नाहीत. वकील कागद तपासतो तसे ओळ न् ओळ तपासले, आणि मग जाळायचा तो जाळला. शूद्रकाच्या नावावरचं हे दहा अंकी नाटक मी जाळायला सांगत नाही. तपासायला सांगतोय. आणि तपासताना एकच प्रश्न धरून ठेवा : गुलामाने चांगलं असावं, मग त्याला स्वातंत्र्य मिळेल, हे म्हणणं बरोबर आहे काय?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. उज्जयिनी शहर. चारुदत्त जातीने ब्राह्मण, धंद्याने व्यापारी, दानधर्म करून करून कफल्लक झालेला. वसंतसेना पैसेवाली गणिका, तिचा जीव चारुदत्तावर. शकार हा पालक राजाचा मेहुणा, हातात सत्ता आणि डोक्यात अंधार. रामायणातली माणसं महाभारतात घुसवतो, म्हणून प्रेक्षक त्याला हसतात. या शकाराची बैलगाडी हाकणारा गुलाम म्हणजे स्थावरक. जुन्या नाटकांत अशा माणसाला 'चेट' म्हणतात.

सहाव्या अंकात स्थावरक गाडी घेऊन निघतो तर रस्ता गावाकडच्या गाड्यांनी अडलेला. एक गाडीवाला त्याला चाकाला हात लावायला बोलावतो. स्थावरक आधी तोरा मिरवतो. मी राजाच्या मेहुण्याचा माणूस, तुझं चाक मी ढकलू? मग बघतो तर तो बिचारा एकटा. हा आपली गाडी चारुदत्ताच्या बागेच्या दाराशी लावतो आणि चाक ढकलायला जातो. तेवढ्यात वसंतसेना चारुदत्ताचीच गाडी समजून याच्या गाडीत चढून बसते. पुढची सगळी उलथापालथ इथून होते. पंडित याला योगायोग म्हणतात. म्हणोत. मला तिथे एका गाडीवानाने दुसऱ्या गाडीवानाला दिलेला हात दिसतो.

गाडी बागेत पोचते. आतली वसंतसेना पाहून शकार तिच्या पाया पडतो. ती त्याला लाथेने उडवते. आता हा तिला मारायचं ठरवतो. पण स्वतःच्या हाताने नाही. आधी तो जोडीच्या विटाला सांगतो. विट म्हणजे शिकलेला, बोलघेवडा, श्रीमंताच्या पंगतीत वाढलेला माणूस. तो कानावर हात ठेवतो. मग शकार गुलामाकडे वळतो. सोन्याची कडी देतो म्हणतो, सोन्याचं आसन देतो, सगळ्या नोकरांचा मुखिया करतो. स्थावरक म्हणतो, सगळं करीन, फक्त वाईट काम तेवढं सांगू नका. शकार सांगतो, मार तिला. स्थावरक नाही म्हणतो. देह तुमच्या मालकीचा, पण माझी वागणूक तुमच्या मालकीची नाही, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ. शकार त्याला बडवतो. तो मार खातो आणि नाहीच म्हणतो.

विटाचं 'नाही' आणि स्थावरकाचं 'नाही' एका मापात घालू नका. विटाने नाही म्हटलं तर त्याची एक पंगत जाईल. तो दुसरा यजमान बघेल. स्थावरकाने नाही म्हटलं तर त्याच्या पाठीचं कातडं जातं, आणि जाणार कुठे? तो शकाराचाच आहे. दोघं नैतिक असतील, पण नीतीची किंमत दोघांना सारखी पडत नाही. आणि जिथे किंमत सारखी पडत नाही तिथे 'दोघांनीही सद्गुण दाखवला' एवढंच लिहून मोकळं होणारा समीक्षक खोटं माप मारतो.

आता मुद्द्याची जागा. शकार विचारतो, तू माझा गुलाम असून भितोस कुणाला? स्थावरक सांगतो, परलोकाला. परलोक म्हणजे काय? बऱ्यावाईट कर्माचं फळ. चांगल्याचं फळ कसं असतं? मालकासारखं, सोन्याने मढलेलं. वाईटाचं? माझ्यासारखं, दुसऱ्याच्या अन्नावर जगणारं. म्हणून मी पुन्हा वाईट करणार नाही.

वाचताना अंगावर काटा आला, आणि संतापही. इतका मोठा नकार देणारा माणूस आपल्या नकाराचं कारण काय सांगतोय? ज्या सिद्धांताने त्याला गुलाम ठरवलं तोच! या हिशेबाने समोर उभा असलेला नीच शकार हा मागच्या जन्मीचा पुण्यवान, आणि मार खाणारा स्थावरक हा मागच्या जन्मीचा पापी. गंमत बघा, या सिद्धांताची भीती शकाराला अजिबात नाही. ज्याला फळ मिळालंय तो कशाला भिईल? भीती फक्त ज्याच्या ताटात दुसऱ्याचं उष्टं आहे त्याला. कर्मसिद्धांत हा असा पोलीस आहे की तो फक्त वस्तीत गस्त घालतो, वाड्याकडे फिरकत नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाला. त्यात त्यांनी हीच गाठ सोडवली आहे. माणूस जे करतो त्याचे परिणाम जगात होतात, हे मानणं वेगळं. आणि आज तू खाली आहेस कारण मागच्या जन्मी तू पाप केलंस, हे मानणं वेगळं. पहिलं माणसाला जबाबदार करतं, दुसरं त्याला गप्प करतं. स्थावरकाच्या तोंडात दुसरं आहे, हातात पहिलं आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. दहावा अंक पाहा. दरम्यान शकाराने स्वतःच वसंतसेनेचा गळा दाबला आहे. ती मेली असं समजून खुनाचा आळ चारुदत्तावर घातला आहे. गुलामाला सगळं ठाऊक, म्हणून त्याला वाड्याच्या वरच्या मजल्यावर बेड्या घालून कोंडलंय. खालून दवंडी ऐकू येते. चारुदत्ताला सुळावर द्यायला नेतायत. स्थावरक वरून ओरडतो, गर्दीत कुणाला ऐकू जात नाही. मग तो जुन्या खिडकीतून उडी टाकतो. उडी टाकतानाही तो परलोकाचंच नाव घेतो. मेलो तर परलोक मिळाला, असं म्हणतो.

पण हिशेब घालून बघा. वाईट काम करायचं नाही एवढंच कर्माचं मागणं असेल तर त्याची वही तर आठव्या अंकातच कोरी झाली होती. त्याने खून केला नव्हता. वर बसून राहिला असता तरी त्याला कुठलं पाप लागलं असतं? उलट, कर्मसिद्धांत खरा धरला तर चारुदत्त सुळाकडे चाललाय तो त्याच्या मागच्या कर्माने. त्यात गुलामाने कशाला तंगडी घालावी? तरीही तो उडी टाकतो. कारण एक माणूस नाहक मरतोय आणि खरं काय ते आपल्याला माहीत आहे. याला कर्माची भीती म्हणत नाहीत. याला करुणा म्हणतात, मैत्री म्हणतात. स्थावरकाकडे ते शब्द नव्हते एवढंच. गुलामाला पोटाला जसं मालकाचं उष्टं, तसं तोंडालाही मालकाचे शब्द. आपल्यातल्या कितीतरी आयाबाया आयुष्यभर दुसऱ्यासाठी खपतात आणि वर म्हणतात, नशिबाचे भोग. त्यांच्या शब्दावर जाऊ नका, त्यांच्या हाताकडे बघा. शब्द नंतर बदलता येतील. ते बदलणं हेच तर आपलं काम आहे.

स्थावरक पडतो, मरत नाही, बेडी तुटते. धावत जाऊन वध करणाऱ्या चांडाळांना सांगतो : खून माझ्या मालकाने केला. मिरवणूक थांबते. शकार येतो आणि गुपचूप त्याच्या हातात सोन्याचं कडं सरकवतो. स्थावरक ते कडं गर्दीला दाखवतो, बघा, हा मला लाच देतोय! आता खरं तर प्रकरण संपायला पाहिजे. पण शकार मूर्ख असला तरी मालक आहे. तो म्हणतो, हेच ते सोनं. याने माझ्या भांडारातून चोरलं, म्हणून मी याला बडवला. खोटं वाटत असेल तर याची पाठ बघा.

आणि लोक पाठ बघतात. पाठीवर वळ आहेत. खून करायला नकार दिला म्हणून उठलेले वळ. तेच वळ आता तो चोर असल्याचा पुरावा होतात! चांडाळसुद्धा मान डोलावतात. मार खाल्लेला गुलाम रागाने काय वाट्टेल ते बरळणारच.

या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मालकाने केलेली जखम गुलामाच्या साक्षीविरुद्ध वापरायची, ही युक्ती त्या नाटककाराने इतकी उघडी करून दाखवलीय की त्याला सलाम केला पाहिजे. ही युक्ती नाटकाबरोबर संपलेली नाही. गिरणीतल्या खातेचौकशीला बसलेल्या कुणालाही ती नवी नाही. याच्यावर आधी कारवाई झालीय, म्हणजे हा रागापोटी बोलतोय. म्हणजे ज्याला लागलं त्याने बोलायचं नाही, कारण त्याला लागलंय. आणि ज्याला लागलं नाही त्याने बोलायचं नाही, कारण त्याला काय माहीत!

याच्या मागे नुसता शकार नाही, कायदा आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय साक्षीदार कोण असावा ते सांगतो. दुसऱ्याच्या ताब्यातला माणूस साक्षीला नको. कुणीच मिळालं नाही तरच बाई, पोर, म्हातारा, गुलाम, नोकर यांची साक्ष चालवून घ्यावी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जळालं त्यात हेही होतं. पुस्तक जळलं, सवय जळाली नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत बौद्ध कुटुंबातल्या माय-लेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखले होते. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ ला, त्या घरातली चार माणसं मारून टाकली. २००८ साली सत्र न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. खालच्याने साक्ष दिली की काय होतं, हे आपल्याला संस्कृत नाटकातून शिकायची गरज नव्हती. पण संस्कृत नाटकातही ते लिहून ठेवलंय, हे ठाऊक असलेलं बरं.

इथे एक दोस्त मला म्हणाला, तुझा स्थावरक शेवटी ब्राह्मणाला वाचवायला मेला असता, त्यात काय कौतुक? आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. चारुदत्त भला असेल, पण सातव्या अंकाच्या शेवटी समोरून बौद्ध श्रमण येताना दिसतो तर हा भला माणूस अपशकुन म्हणून वाट बदलतो. पुढे असाच एक श्रमण वसंतसेनेला शुद्धीवर आणतो आणि चारुदत्ताचा जीव वाचतो. तरीसुद्धा दोस्ताचं म्हणणं मला पटत नाही. स्थावरकाने जात वाचवली नाही, खोट्याला अडवलं. नाहक मरणारा कोण आहे ते बघून खरं बोलायचं की नाही हे ठरवायचं असेल तर मग आपल्यात आणि शकाराच्या कोर्टात फरक काय राहिला? १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं जे भाषण बाबासाहेबांना करू दिलं गेलं नाही, त्यात ते नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियम पाळताना माणूस यंत्र होतो, तत्त्वाने वागताना तो विचार करतो आणि जबाबदारी घेतो. नवव्या अंकातल्या न्यायाधीशाला वाटत असतं की चारुदत्त निर्दोष आहे. पण तो नियमाची चौकट भरत जातो, ब्राह्मणाला देहदंड नाही हे मनूचं वचन पुढे ठेवतो, आणि राजा तेही धुडकावतो. चारुदत्ताची बाजू घेताना तरी न्यायाधीशाला आधार कुणाचा? जातीचा. कुलीन खुर्चीवर नियम बसलाय, आणि तत्त्व बेडी घालून खिडकीतून उडी मारतंय.

आता त्या दोन चांडाळांकडे. चारुदत्ताचा मुलगा त्यांना, अरे चांडाळांनो, अशी हाक मारतो. ते उत्तर देतात की त्या कुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे, भल्या माणसाला छळणारे ते खरे चांडाळ. प्रेक्षक टाळ्या वाजवत असतील. मीही वाजवल्या असत्या, पण हात अर्ध्यावर थांबतो. जन्मावरून माणूस ठरत नाही हे ते सांगतात, ठीक. पण शिवी तीच ठेवतात! 'चांडाळ' हा शब्द वाईटच राहतो, फक्त पत्ता बदलतो.

तरी ती माणसं मला आवडतात. वध करायची पाळी कुणाची यावर ते घोळ घालतात. एकाला त्याच्या बापाने मरताना सांगून ठेवलंय की तुझी पाळी आली तर घाई करू नकोस. कुणी भला माणूस पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटेल, नाहीतर राज्यच उलटेल. बापाने पोराला दिलेला हा वारसा कुठल्या स्मृतीत नाही. काम नाकारता येत नसेल तर काम लांबव. तलवार उचलतो तर ती हातातून गळते, आणि तो सह्यवासिनी देवीला हाक मारतो. आपल्याच सह्याद्रीची देवी, उज्जयिनीच्या वधस्तंभापाशी. त्या दिरंगाईत वसंतसेना पोचते, राज्य उलटल्याची बातमी येते, चारुदत्त सुटतो.

आणि आता शेवट, जिथे सगळ्यांना बक्षिसं मिळतात. गोपाळपुत्र आर्यक राजा झाला. क्रांती झाली म्हणा. वसंतसेनेला कुलवधूचा मान. भिक्षूला विचारलं, तुला काय हवं, आणि त्याला सगळ्या विहारांचा प्रमुख केलं. चांडाळांना काय? ते दोघं सगळ्या चांडाळांचे मुख्य! राज्य बदललं, सुळाचं काम तेच, फक्त वर एक मुकादम बसवला. शकाराला चारुदत्त माफ करतो. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला माफीबद्दल कुणी विचारत नाही.

आणि स्थावरक? त्याचं काय करायचं, हे चारुदत्ताला विचारतात. चारुदत्त म्हणतो, हा चांगल्या वर्तणुकीचा, हा गुलाम न राहो. झाला मोकळा.

इथे माझा नाटकाशी झगडा आहे. स्थावरक सुटला याचा आनंद कुणाला नाही होणार? पण तो सुटला कशामुळे? वर्तणुकीचा दाखला मिळाला म्हणून. म्हणजे मार खाल्ला, लाच नाकारली, जीव धोक्यात घातला, तेव्हा कुठे एक माणूस माणूस ठरला. समजा, एखाद्या गुलामाने ते कडं ठेवून घेतलं असतं. भुकेने घेतलं असतं, भीतीने घेतलं असतं. तो गुलामच राहायच्या लायकीचा का? शकार तर खुनाचा प्रयत्न करूनही स्वतंत्रच राहिला ना! त्याच्याकडे कुणी दाखला मागितला नाही. मालकाला स्वातंत्र्य जन्माने आणि गुलामाला सद्वर्तनाने, ही नीती नाही. हा नीतीचा बुरखा घेतलेला चातुर्वर्ण्याचाच कारभार आहे.

आपल्या चळवळीत हे बोलायची गरज आहे, कारण आपण स्वतःच कधीकधी हा दाखला खिशात घालून फिरतो. आमची पोरं शिकली, स्वच्छ राहतात, दारू पीत नाहीत, आता तरी आम्हाला माणूस म्हणा. अरे, शिका, दारू सोडा, हजारदा सांगेन! बाबासाहेबांनीही १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. पण ते स्वाभिमानासाठी. सगळ्यांनी सोडल्यावर मग तळ्यावर जाऊ, असं ते म्हणाले नाहीत. २० मार्चला चवदार तळ्यावर गेलेल्या गर्दीत कुणाची वर्तणूक तपासून रांग लावली नव्हती. संविधानाचं सतरावं कलम अस्पृश्यता नष्ट करतं, तेविसावं वेठबिगारी बंद करतं. दोन्हीत 'चांगल्या वर्तणुकीच्या माणसासाठी' असे शब्द नाहीत. शील आपलं आहे, ते आपण आपल्यासाठी आणि एकमेकांसाठी पाळतो. ते काउंटरवर देऊन बदल्यात माणुसकीची पावती घ्यायची नाही.

म्हणून मला स्थावरक दोनदा महत्त्वाचा वाटतो. एकदा, त्याने सत्ता आणि सोनं दोन्ही नाकारलं म्हणून. आणि दुसऱ्यांदा, त्याला मिळालेलं बक्षीस आपण जसंच्या तसं घेऊ नये म्हणून.

नाटक मिळवा आणि चार जणांत वाचा. वाचताना वर्धमानक नावाच्या माणसाकडे लक्ष ठेवा. तोही चेट, तोही गाडी हाकतो, पण तो भल्या चारुदत्ताचा. दुसऱ्याच्या गुलामाला मोकळं करणारा चारुदत्त शेवटच्या त्या बक्षिसांच्या यादीत वर्धमानकाचं नाव घेत नाही.